टोपीखालचा माणूस



आजचा विषय ऐकून काहीजणी पदर तोंडाला लावून हसतील. हसा, हरकत नाही. आज आम्ही जाहिरातीतल्या पुरुषांविषयी बोलणार आहोत. बनियनच्या डब्यावर, शर्टाच्या कापडावर, सिमेंटच्या जाहिरातीने रंगवलेल्या भिंतीवर असतात ना, दाढी कोरलेले, दंड फुगवलेले, ते. त्यांना मॉडेल म्हणतात. वस्तू हातात धरून फोटो काढून द्यायचा, हे त्यांचं काम. त्याचे त्यांना पैसे मिळतात, जसे आपल्याला खुरपणीचे मिळतात. कामाला नावं ठेवायचं काही कारण नाही.

विषय निघाला तो एका टपरीवरून. आमच्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्ज घेऊन एसटी थांब्याजवळ टपरी टाकली. चहा, बिस्किटं, वह्या-पेन, शाम्पूच्या पुड्या. हप्ता एकदाही चुकलेला नाही. दिवाळीनंतर एक एजंट आला आणि म्हणाला, "ताई, टपरीला बोर्ड नाही तुमच्या. आम्ही फुकट लावून देतो, वर तुमचं नाव टाकून." कागदावर नमुना दाखवला. ताईंचं नाव कोपऱ्यात बोटभर. बाकी सगळा बोर्डभर एक देखणा तरुण, काळा चष्मा, हातात वेलदोड्याची पुडी. पुडीवरचं नाव मात्र गुटख्याचं, आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं.

ताईंनी बैठकीत विचारलं, लावू का? स्वतः बोर्ड करायचा म्हणजे खर्च आहे. नमुना हातोहात फिरला. एका आजींनी तो लांब धरून, डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाल्या, "पोरगा दिसायला बरा आहे. कुणाचा?"

सगळ्या हसलो. पण घरी जाताना आम्ही आपसात तेच बोलत होतो. कुणाचा आहे, हा प्रश्न आपण प्रत्येक फोटोला विचारतो. मुलीला स्थळ आलं की आधी फोटो येतो. पोरगा कुणाच्या तरी मोटारसायकलला टेकून उभा, मागे कुणाचा तरी बंगला. आपण भुलतो का? नाही. मोटारसायकल कुणाची, घर कुणाचं, शेती किती, हप्ते किती, व्यसन काय, चार गावांत माणसं पाठवून काढतो. मग पुडीवरच्या पोराची चौकशी कधीच का करत नाही? एक कारण साधं आहे. त्याचं नावच कुठे छापलेलं नसतं. मोठा नट असेल तर गोष्ट वेगळी.

पण जगात एक जाहिरात अशी होऊन गेली की तिच्यातल्या पुरुषांची चौकशी पुढे झाली. त्यांची नावं, घरं, बायकामुलं, आजार, सगळं उजेडात आलं. ही गोष्ट अमेरिकेतली आहे.

मार्लबरो नावाची सिगारेट आहे. आज ती पुरुषी समजली जाते, पण १९२४ मध्ये ती आली तेव्हा खास बायकांसाठी म्हणून विकली जायची. मऊ, सौम्य, अशी तिची जाहिरात. पुढे तर ओठात धरायच्या टोकाला लाल कागद लावला, लिपस्टिकचा डाग दिसू नये म्हणून. मग १९५० साली इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांचे अभ्यास छापून आले की सिगारेट ओढणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग फार होतो. लोक घाबरले. कंपन्यांनी काय केलं? सिगारेटला फिल्टर लावला, म्हणजे लोकांना वाटावं की आता धोका गाळला गेला. फिल्टरमुळे धोका गेला नाही, तो भाग वेगळा. पण अडचण भलतीच आली. फिल्टरची सिगारेट बायकी वाटते म्हणून पुरुष ती घेईनात.

शिकागो शहरात लिओ बर्नेट नावाचे जाहिरातवाले होते. १९५४ मध्ये हे काम त्यांच्याकडे आलं. बायकी समजली जाणारी वस्तू पुरुषांना विकायची. त्यांनी काय शोधून काढलं असेल? गुराखी.

हो, गुराखीच. इंग्रजीत काउबॉय म्हणतात म्हणून तो शब्द रुबाबदार वाटतो. आपल्याकडे गुराखी म्हटलं की डोक्याला फडकं, हातात काठी, पायात फाटकी चप्पल आणि वर्षाच्या बोलीवर ठेवलेला पोर, असं चित्र येतं. तिकडेही काम तेच. दुसऱ्याची गुरं राखायची, ऊन-पाऊस-बर्फात घोड्यावर बसायचं, मजुरी बेताची. पण सिनेमांनी त्याला मोठा केला होता. एकटा, निडर, कुणाचं ऐकून न घेणारा मर्द.

बर्नेट यांच्या डोळ्यांसमोर एक फोटो होता. १९४९ मध्ये 'लाइफ' या मासिकाच्या मुखपृष्ठावर टेक्सासमधल्या क्लॅरेन्स हेली लाँग नावाच्या खऱ्या गुराख्याचा चेहरा छापला होता. उन्हाने रापलेला, तोंडात सिगारेट. हा माणूस मोठ्या कुरणावरचा मुकादम, अबोल, कामाशी काम ठेवणारा. फोटो छापल्यावर त्याला लग्नाची मागणी घालणारी पत्रं आली म्हणतात. त्याने लग्न केलं ते एका नर्सबाईंशी. म्हणजे बघा, फोटो पाहून भुलणाऱ्या बायका तिकडेही होत्याच.

१९५५ पासून जाहिराती सुरू झाल्या. सुरुवातीला गुराख्याबरोबर खलाशी वगैरे असे इतर रांगडे पुरुषही असत. हळूहळू बाकीचे गेले आणि गुराखी राहिला. पाकीट बदललं, लाल-पांढरं झालं, आत फिल्टर आला. तंबाखू तंबाखूच होती. पण काही वर्षांत तीच सिगारेट पुरुषांच्या खिशात गेली, आणि पुढे जगात सगळ्यात जास्त खपणारी झाली. हे काम एका टोपीने केलं.

टोपीने म्हणतो, कारण फोटो नीट बघितले तर चेहरा अर्धा टोपीच्या सावलीत असतो. नाव नाही. गाव नाही. शेजारी बायको नाही, पोरं नाहीत, म्हातारी आई नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. माणसाला नाव नसलं की बघणारा त्या टोपीखाली आपलाच चेहरा बसवतो. कारखान्यात काम करणारा, कचेरीत फायली उचलणारा, सगळ्यांनाच वाटतं आपण आतून असेच आहोत. आणि एकाच टोपीखाली वर्षानुवर्षं वेगवेगळी माणसं उभी करता येतात. झालंही तसंच. कितीतरी जण मार्लबरोचा माणूस होऊन गेले. त्यातल्या काहींची ओळख करून देतो.

पहिले बॉब नॉरिस. कोलोरॅडो राज्यातले मोठे पशुपालक, स्वतःची भरपूर जमीन, भरपूर गुरं. प्रसिद्ध नट जॉन वेन यांच्याबरोबरचा त्यांचा फोटो जाहिरातवाल्यांनी पाहिला आणि शोधत थेट घरी आले. सुमारे १२ वर्षं नॉरिस या जाहिरातींत दिसले. गंमत अशी की हा माणूस आयुष्यात सिगारेट ओढत नव्हता. फोटोपुरती ओठात धरायची, झालं. घरी मुलांना मात्र बजावून ठेवलेलं, सिगारेटला हात लावायचा नाही. एक दिवस मुलांनी विचारलं, आम्ही ओढू नये असं वाटतं, तर मग तुम्ही जाहिरात का करता? नॉरिस यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कंपनीला फोन केला आणि काम सोडलं. २०१९ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले. त्यांच्याविषयी आम्हाला आवडलेली गोष्ट अजून वेगळीच आहे. आफ्रिकेतून आलेलं हत्तीचं एक अनाथ पिल्लू त्यांनी आपल्या गोठ्यात वाढवलं, एमी नाव ठेवलं. ज्या माणसाचं खरं आयुष्य असं, हत्तीच्या पिल्लाला खाऊपिऊ घालणारं, तो जगाला माहीत झाला न ओढलेल्या सिगारेटसाठी.

दुसरे डॅरेल विनफील्ड. हे अस्सल गुराखी. १९६८ मध्ये वायोमिंग राज्यात दुसऱ्याच्या कुरणावर काम करत असताना जाहिरातवाल्यांना सापडले, आणि पुढची वीस वर्षं सगळ्यात जास्त त्यांचाच चेहरा वापरला गेला. एवढं होऊनही ते घोडे आणि गुरं यांच्यातच राहिले. २०१५ मध्ये ८५ व्या वर्षी वारले. म्हणजे सगळेच लवकर गेले, असं आम्ही सांगणार नाही. खोटं सांगून भीती घातली की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही.

आता डेव्हिड मॅक्लीन. हे नट होते. साठच्या दशकात टीव्हीवरच्या जाहिरातींत दिसायचे. सिगारेटची सवय बाराव्या वर्षापासूनची. त्यांना आधी श्वासाचा आजार झाला, मग फुफ्फुसात गाठ निघाली. १९९५ मध्ये ७३ व्या वर्षी ते गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नीने आणि मुलाने कंपनीवर दावा लावला. त्या दाव्यात एक गोष्ट होती, ती आम्ही दोनदा वाचली. त्यात म्हटलं होतं की एकेका प्रसंगाच्या चित्रणासाठी त्यांना पाच-पाच पाकिटांपर्यंत सिगारेट ओढायला लागायच्या. राख बरोबर पडली पाहिजे, धूर बरोबर वर गेला पाहिजे, उजेड चेहऱ्यावर बरोबर आला पाहिजे, तोवर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आपण टीव्हीवर बघतो तो एक झुरका. निवांत, दिवस मावळताना घेतलेला. त्या एका झुरक्यामागे किती, हे बघणाऱ्याला कधी कळत नाही.

वेन मॅक्लॅरेन. यांची गोष्ट सांगताना आमच्यातल्या एकीचा आवाज दाटला होता, म्हणून ती सावकाश सांगतो. हे उधळलेल्या घोड्यावर, बैलावर बसून दाखवायचे. तिकडे त्याचे मोठे खेळ होतात. सिनेमात उड्या मारायची, पडायची कामंही करत. पंचवीस-तीस वर्षं रोजची साधारण दीड पाकीट सिगारेट. ४९ व्या वर्षी फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, औषधं, सगळं झालं. रोग मेंदूपर्यंत गेला. उरलेल्या दिवसांत हा माणूस फिरून बोलत राहिला. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, जाहिराती आवरा. कंपनीने आधी सांगितलं की हा आमच्या जाहिरातीत कधी नव्हताच. मग मान्य केलं की होता, पत्त्यांच्या कॅटच्या एका जाहिरातीत होता. इतकी वर्षं टोपीखालच्या माणसाला नाव नव्हतं, ते असं कामाला येतं. कोण तू, म्हणायला मोकळे. १९९२ च्या जुलैमध्ये तो गेला, वय ५१. त्याच्यावर टीव्हीसाठी छोटी फीत केली होती. तिच्यात एकीकडे टोपी घातलेला तरणा गडी, आणि दुसरीकडे दवाखान्याच्या खाटेवरचा तोच माणूस.

एरिक लॉसन यांचं थोडक्यात. १९७८ ते १९८१ या काळात छापील जाहिरातींत होते. चौदाव्या वर्षापासून ओढत होते. पुढे त्यांनी धूम्रपानाविरुद्धच्या जाहिरातीतही काम केलं, त्याच मार्लबरोवाल्याची टर उडवणाऱ्या. पण स्वतःची सुटली नाही. २०१४ मध्ये ७२ व्या वर्षी फुफ्फुसं निकामी होऊन गेले. त्यांच्या पत्नीने पत्रकारांना सांगितलं की सिगारेटने आपल्याला धरून ठेवलंय हे त्यांना कळत होतं, तरी सोडता येत नव्हती. हे वाक्य तर आपल्या कुठल्याही घरातलं वाटावं.

हे झाले मॉडेल. खऱ्या गुराख्यांचं काय? इंग्लंडच्या थेम्स टेलिव्हिजनने १९७६ मध्ये एक माहितीपट केला. सिगारेट ओढणारे सहा खरे गुराखी शोधले, सगळे कर्करोगाने किंवा श्वासाच्या आजाराने खंगलेले. एकजण घोड्यावर बसला होता, तर प्राणवायूची नळकांडी बरोबर. मध्ये मध्ये मार्लबरोच्या जाहिराती दाखवल्या. कंपनी लंडनच्या कोर्टात गेली, माहितीपट थांबला, प्रती नष्ट करायचं ठरलं. एक प्रत मात्र अमेरिकेत स्टँटन ग्लांट्झ नावाच्या प्राध्यापकांच्या हाती लागली, आणि १९८२ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या टीव्हीवर दाखवली गेली.

अमेरिकेत १९७१ पासून सिगारेटच्या जाहिराती टीव्ही-रेडिओवर बंद झाल्या. गुराखी मग रस्त्यावरच्या मोठमोठ्या बोर्डांवर गेला. १९९८ मध्ये तिथल्या राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी मोठा समझोता केला आणि पुढच्या वर्षी ते बोर्डही उतरले. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने तर तसेच दोन गुराखी घोड्यावर दाखवून आपले बोर्ड लावले होते. एक गुराखी दुसऱ्याला सांगतोय की मला माझ्या फुफ्फुसाची आठवण येते रे.

आता आपल्या एसटी थांब्यावर येऊ.

आपल्याकडे २००३ चा कायदा आहे. टीव्हीवर, वर्तमानपत्रात, रेडिओवर तंबाखूची जाहिरात करता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकता येत नाही. २०१२ पासून आपल्या राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. मग जाहिरात कशाची करायची? वेलदोड्याची. पुडीवर नाव तेच, रंग तेच, अक्षरं तीच, आत वेलदोडा. बघणाऱ्याला कळायचं ते कळतं. पाच रुपयांच्या वेलदोड्यासाठी कुणी एवढा मोठा नट आणत नाही, हे तर आपल्या गटातल्या हिशेब लिहिणाऱ्या मुलीलाही कळेल.

मोठ्या नटांनाही हा प्रश्न चुकला नाही. २०२१ मध्ये अमिताभ बच्चन पानमसाल्याच्या एका जाहिरातीतून बाहेर पडले आणि पैसे परत केले. २०२२ च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमार यांनी वेलदोड्याच्या अशाच जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागितली. पण त्यांनीच तेव्हा सांगितलं की करार असल्यामुळे ठरलेल्या मुदतीपर्यंत जाहिरात दिसू शकते. म्हणजे माणूस माफी मागून बाजूला झाला, तरी त्याचा फोटो पुडी धरून उभाच.

इथे आम्हाला आपलंही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर सगळा दोष पोरांवर आणि नटांवर जाईल. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर मोठ्या माणसांमागे साधारण २७ जण तंबाखू घेणारे निघाले. बहुतेक ओढणारे नाहीत, चघळणारे, घासणारे. बायकांमध्ये शंभरात १७. त्या कोण? आपणच. मिश्रीला कुठला देखणा मॉडेल लागला नाही, फुकटचा बोर्ड लागला नाही. तवा चुलीवर ठेवून आईने भाजली, आजीने बोटावर दिली, दात दुखतो म्हणून, पोट साफ होतं म्हणून. त्या बैठकीत आम्ही विचारलं तेव्हा सहाजणींनी हात वर केले आणि दोघींनी अर्धा. आजींनी पूर्ण केला. म्हणाल्या, "माझा फोटो लावा की मग डबीवर. दात एक नाही तोंडात." पुन्हा सगळ्या हसलो, पण या वेळी जरा कमी.

सोडायचं असेल त्यांच्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८०० ११ २३५६. पुडीवरच छापलेला असतो, त्या भयानक चित्राजवळ. तिथे बसलेली माणसं रागावत नाहीत, सल्ला देतात. गटातल्या दोघींनी आमच्यासमोर लावून बघितला.

एजंट पुढच्या आठवड्यात परत आला. ताईंच्या टपरीवर तेव्हा शाळेतली चार पोरं वह्या घ्यायला उभी होती. आजीही होत्या, मुद्दाम जाऊन बसल्या होत्या असं आम्हाला वाटतं. त्यांनी एजंटला विचारलंच, "हा पोरगा कुणाचा? स्वतः खातो का ही पुडी?" तो म्हणाला, "आजी, मॉडेल आहे तो, आम्हाला काय माहीत." ताई म्हणाल्या, "मग माहीत करून या, तोवर राहू द्या बोर्ड."

तो अजून आलेला नाही. ताईंनी गटातूनच पैसे उचलून गावातल्या पेंटरला पत्रा दिला आहे. नाव लिहून झालं, मोठ्या अक्षरात. पेंटर विचारतोय चित्र कशाचं काढू. निम्म्या जणी म्हणतात चहाची किटली काढ, निम्म्या म्हणतात ताईंनाच काढ, किटली हातात देऊन. ताई नको नको म्हणताहेत. पत्रा सध्या टपरीच्या मागे वाळत ठेवलाय.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला भेटू. येताना घरातल्या एखाद्या पुडीवरचा, डब्यावरचा माणसाचा फोटो कापून आणा. सगळ्या मिळून चौकशी करू.

नमस्कार.